पळपुट्या वीराची गंभीर मुद्रा

१८६४ सालच्या जुलै महिन्यातली ८ तारीख. क्योतो शहरातल्या इकेदाया नावाच्या सराईत शोगुनशाहीविरुद्ध मसलत करायला बंडखोर सामुराई जमले होते. शहराच्या बंदोबस्तावर असलेल्या शिन्सेनगुमी पथकाला सुगावा लागला आणि पथकाचा नायक कोंदो इसामी मोजक्या माणसांनिशी आत घुसला. पुढचा रक्तपात जपानी माणसाने कादंबऱ्यांत, नाटकांत, सिनेमांत इतक्यांदा पाहिला आहे की जिन्यावरून गडगडत खाली येणारा बंडखोर ही तिथल्या स्टंटवाल्यांची हक्काची करामत होऊन बसली. पण या बैठकीतलं सगळ्यांत मोठं नाव, चोशू संस्थानाचा कात्सुरा कोगोरो, त्या रात्री हाती लागला नाही. लवकर गेलो होतो, कोणी जमलं नव्हतं म्हणून त्सुशिमा संस्थानाच्या वाड्यावर गेलो, असं त्याचं स्वतःचं म्हणणं. छपरांवरून निसटला, असं दुसऱ्यांचं. खरं काहीही असो, 'पळपुटा कोगोरो' हे बिरुद त्याला कायमचं चिकटलं.

हा माणूस भेकड असता तर बिरुदात काही गंमत नव्हती. एदोतल्या रेनपेइकान या नावाजलेल्या तलवारशाळेत तो शिष्यांचा प्रमुख होता. ज्याच्याशी तलवार भिडवायला भले भले कचरत, तो माणूस ऐन वेळी तलवार म्यानात ठेवून मागल्या दाराने जायचा. आणि म्हणूनच जगला. परकीयांना हाकला म्हणणारे त्याचे बहुतेक सोबती तिशीच्या आतबाहेर मेले. हा मात्र किदो ताकायोशी या नावाने नव्या मेइजी सरकारात पोचला, संस्थानं खालसा करण्यात पुढे राहिला आणि साइगो ताकामोरी व ओकुबो तोशिमिची यांच्या जोडीने सत्तांतराच्या तीन थोर पुरुषांत गणला गेला.

अशा माणसाचं विडंबन करायचं म्हणजे काय करायचं? सोपा रस्ता उघड आहे: शूराला घाबरट करायचं, तलवार उलटी धरायला लावायची, पँट घसरवायची. हसू येतं आणि विरतं. सोराची हिदेआकी या चित्रकथाकाराने तो रस्ता धरला नाही. त्याची 'गिंतामा' ही चित्रकथा २००३ सालच्या डिसेंबरात 'शोनेन जंप' साप्ताहिकात सुरू झाली. त्याच हंगामात एनएचके वाहिनीवर शिन्सेनगुमीवरची वर्षभराची ऐतिहासिक मालिका यायची होती, म्हणजे जपानभर हा काळ पुन्हा चर्चेत होता. २००६ च्या एप्रिलात 'गिंतामा'वरून ॲनिमे आली आणि थांबत, पुन्हा सुरू होत, तिने ३६७ भागांपर्यंत मजल मारली. या पसाऱ्यात कात्सुरा कोगोरोचा कात्सुरा कोतारो झाला. नावात एका अक्षराची खोड, बाकी माणूस ओळखीचा. लांब काळेभोर केस, नितळ चेहरा, ताठ कणा, बंडखोरांचा पुढारी, डोक्यावर इनाम. आणि जपानी ॲनिमेतला, माझ्या मते, सगळ्यांत उत्तम विनोदी वीर.

'गिंतामा'ची मांडणी एका वाक्यात सांगता येते. १८५३ साली अमेरिकेची काळी जहाजं एदोच्या उपसागरात आली, त्यांच्या जागी इथे परग्रहावरची जहाजं येतात. अमांतो नावाचे हे परग्रहवासी देश काबीज करतात, शोगुन त्यांचं बाहुलं होतो, तलवारींवर बंदी येते, आणि किमोनोतली एदो दूरदर्शन संच, स्कूटर आणि अवकाशतळ यांच्यासकट जगू लागते. परकीयांविरुद्ध लढलेले सामुराई हरले आहेत. त्यांतला एक, साकाता गिंतोकी, भाडं थकवून पडेल ती कामं करतो. दुसरा, ताकासुगी, सगळं जग जाळायला निघालाय. तिसरा, साकामोतो, अवकाशात व्यापार करतो. कात्सुरा एकटाच अजून लढतोय. युद्ध संपल्याचं त्याला कोणी कळवलेलं नाही असं वाटावं, इतक्या निष्ठेने.

त्याचा प्रवेश पाचव्या भागात होतो, आणि तो मुद्दाम इकेदायातच होतो. इथली इकेदाया म्हणजे उंच हॉटेल. परग्रहाच्या वकिलातीत बॉम्बचं पार्सल नकळत पोचवल्यामुळे गिंतोकी आणि त्याची दोन पोरं गोत्यात आली आहेत. त्यांना सोडवून कात्सुरा इथे आणतो, जुन्या सोबत्याला पुन्हा चळवळीत ओढू पाहतो. खोलीत गंभीर संवाद चालू आहे: मेलेले मित्र, हरलेली लढाई, उरलेलं कर्तव्य. मग दार फुटतं आणि शिन्सेनगुमी आत येते. इतिहासातली ती रात्र इथे बझूका आणि पळापळीत निघते. त्यातच कागुरा ही पोर हातातल्या गोल बॉम्बशी चाळा करते आणि त्याचं घड्याळ चालू होतं. शेवटी गिंतोकी खिडकीबाहेर फेकला जातो आणि हवेतल्या हवेत बॉम्ब आभाळाकडे भिरकावतो. एवढ्या गोंधळात कात्सुरा कुठे आहे? तो केव्हाच निसटलाय. लांबच्या एका गच्चीवर दुर्बीण लावून उभा आहे, आणि मित्र अजून तसाच आहे याचं त्याला समाधान वाटतंय. इतिहासात त्या रात्रीचं कोडं हेच आहे की कात्सुरा होता कुठे. सोराची त्याचं उत्तर चित्रात देतो: गच्चीवर होता, दुर्बीण घेऊन. दोन्ही दंतकथांना न दुखावणारं उत्तर. छपरावर होता हे खरं आणि सराईत नव्हता हेही खरं.

आता या विनोदाची घडण पाहू. भरताने हास्याचे दोन प्रकार सांगितले, आत्मस्थ आणि परस्थ: पात्र स्वतः हसतं तेव्हा एक, दुसऱ्याला हसवतं तेव्हा दुसरा. कात्सुरा निव्वळ परस्थ हास्याचा धनी आहे. शेकडो भागांत आपण काही विनोदी करतोय याचा त्याला गंधही नाही. त्याच्या तोंडी कोटी नाही, डोळ्यांत मिश्कीलपणा नाही. पण याहून नेमकी गोष्ट अभिनवगुप्ताने सांगून ठेवली आहे. रस अस्थानी आला की रसाभास होतो, आणि कुठल्याही रसाचा आभास शेवटी हास्याकडेच वळतो. वीररसाचा स्थायीभाव उत्साह. कात्सुराचा उत्साह शंभर नंबरी आहे, त्यात भेसळ नाही. चुकतं ते फक्त आलंबन. ज्या निश्चयाने देश सोडवायचा, त्याच निश्चयाने तो मांजराच्या पायाच्या मऊ गाद्यांवर जीव टाकतो. ज्या करारी आवाजात सैन्याला हुकूम द्यायचा, त्याच आवाजात तो सोबा नूडल्स मागवतो. पाठलाग करणाऱ्या शिन्सेनगुमीला चकवायला मक्याच्या पोंग्यांसारख्या दिसणाऱ्या धुराच्या कांड्या टाकतो, आणि त्या टाकताना चेहरा असा की जणू शेवटचा किल्ला लढवतोय. शौर्य कमी करून विनोद साधलेला नाही. शौर्य होतं तेवढंच ठेवलं, समोरची वस्तू तेवढी बदलली.

असा विनोद नटाच्या गळ्यावर उभा राहतो किंवा पडतो. कात्सुराला आवाज दिलाय इशिदा आकिरा याने. 'इव्हँजेलियन'मधला कावोरू, 'गंडाम सीड'मधला आथरून, असे देखणे आणि दुःखी तरुण हा त्याचा हातखंडा. पुढे 'शोवा गेनरोकु राकुगो शिंजू'त त्याने राकुगो या कथाकथनाच्या कलेतला कलावंत तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत एकट्याच्या आवाजात उभा केला. हा गळा विनोदासाठी वापरायचा म्हटल्यावर दुसऱ्या एखाद्या नटाने तो चिरकवला असता, आवाजाला माकडउड्या मारायला लावल्या असत्या. इशिदा तसं काही करत नाही. तो आथरूनच्याच गांभीर्याने बोलतो, शब्दांवर तोच तोल, वाक्याच्या शेवटी तोच किंचित खाली येणारा सूर. वाक्य मूर्खपणाचं असतं, सूर शोकांतिकेचा. जपानी प्रेक्षकाच्या कानात त्या आवाजाच्या जुन्या भूमिका आधीच बसलेल्या असतात, त्यामुळे विडंबन दोन थरांवर चालतं: इतिहासातल्या कात्सुराचं आणि ॲनिमेतल्या धीरोदात्त नायकाचं. मला दुसरा थर जास्त आवडतो. पहिल्यासाठी इतिहास वाचावा लागतो, दुसऱ्यासाठी कान पुरतात.

मालिकेतला सगळ्यांत घासलेला विनोद त्याच्या आडनावाचा आहे. जुने मित्र त्याला 'झुरा' म्हणतात, जपानीत त्याचा अर्थ केसांचा टोप. लांब केसांच्या या माणसाला ते झोंबतं, आणि तो दर वेळी, न चुकता, आडनाव दुरुस्त करून देतो. अंगावर तलवार येत असली तरी आधी दुरुस्ती, मग बचाव. वेष पालटलेला असेल तर त्या सोंगाचं नाव सांगून दुरुस्ती. पन्नासाव्या वेळी ऐकताना कंटाळा येतो, शंभराव्या वेळी पुन्हा हसू येतं, हा या विनोदाचा विचित्र गुण. पण इतिहास माहीत असेल तर त्यात आणखी काही दिसतं. खऱ्या कोगोरोने आयुष्यभर नावं बदलली. वैद्य वादा यांच्या घरी जन्मला, सातव्या वर्षी कात्सुरा घराण्यात दत्तक गेला, फरारी असताना टोपणनावांआड राहिला, शेवटी किदो झाला. ज्याने नाव अंगरख्यासारखं बदललं त्याच्याच नकलेला नावाचा एवढा सोस असावा, ही सोराचीची खरी चतुराई. त्यात पाचव्या भागाचं शीर्षकच म्हातारपणीसुद्धा टोपणनावाने हाक मारतील असे मित्र जोडा म्हणून सांगतं. म्हणजे कात्सुरा जे नाकारत राहतो ते त्याला मिळालेलं सगळ्यांत मोठं सुख आहे, आणि ते त्यालाही ठाऊक असावं असा संशय येत राहतो.

वेषांतराचंही तसंच. क्योतोतल्या १८६४ च्या ऑगस्टमधल्या लढाईत चोशू हरल्यावर कोगोरो भिकाऱ्याच्या वेषात निजो पुलाखाली राहिला अशी आख्यायिका आहे. पुढे तो इझुशी गावात दुकानदार बनून राहिला, हा तर इतिहासच. 'गिंतामा'तला कात्सुरा डोळ्यावर पट्टी लावून समुद्री चाच्यांचा कप्तान होतो, आणि बायकी वेषातल्या पुरुषांच्या नाचाच्या बारमध्ये 'झुराको' होऊन उभा राहतो. त्या बारची मालकीण कोण, तर साइगो. खऱ्या इतिहासातला सात्सुमा संस्थानाचा धिप्पाड साइगो ताकामोरी इथे साइगो तोकुमोरी नावाने किमोनो आणि रंगरंगोटीत. १८६६ साली साकामोतो र्योमाच्या मध्यस्थीने सात्सुमा आणि चोशू एक झाले, साइगो आणि कोगोरो समोरासमोर बसले आणि शोगुनशाहीच्या अंताला सुरुवात झाली. जपानच्या शाळेत ही भेट पोरं घोकतात. इथे ते दोघे भेटतात ते नाचाच्या बारमध्ये, एक मालकीण, दुसरी नर्तकी. कल्पना ऐकूनच हसू फुटतं. प्रत्यक्षातले त्या बारमधले काही विनोद मात्र आज पाहताना भरड वाटतात. पुरुषाने बायकी वेष केला एवढ्यावरच हशा मागणं ही वीस वर्षांपूर्वीच्या टीव्हीची सवय आहे, आणि सोराची तिच्यातून पुरता सुटलेला नाही. साइगोला मात्र तो मान देतो. जुन्या युद्धातला पराक्रमी लढवय्या आणि मुलावर जीव टाकणारा बाप म्हणून तो उभा राहतो, नुसती टिंगल होत नाही.

खरी नजाकत इकुमात्सुच्या कथेत आहे. पुलाखालच्या त्या भिकाऱ्याला भाताचे गोळे आणून देणारी क्योतोतली गेशा, तिचं नाव इकुमात्सु. शिन्सेनगुमीच्या धाकाला न जुमानता तिने त्याला सांभाळलं. सत्तांतरानंतर किदो झालेल्या कोगोरोने तिच्याशी लग्न केलं, ती मात्सुको झाली. क्योतोच्या र्योझेन टेकडीवर दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. या प्रेमकथेवर जपानात किती सिनेमे निघाले असतील याची गणती नको.

'गिंतामा'तली इकुमात्सु गेशा नाही. रामेनचं लहानसं दुकान चालवणारी विधवा आहे, तोंडाने फटकळ, हाताने उदार. दुकानाचं नावच एका गाजलेल्या मारामारीच्या चित्रकथेवरची कोटी आहे. पोलीस मागे लागलेला कात्सुरा तिच्या दुकानात येऊन पडतो आणि कामाला लागतो. इथे सोराचीने जे केलंय ते विडंबनकाराला सहसा सुचत नाही. या इकुमात्सुचा नवरा परकीयांना हाकलू पाहणाऱ्या बंडखोरांच्या घातपातात गेला आहे. म्हणजे कात्सुराच्याच चळवळीच्या हातून. भातभाकरी देणारी आणि भाकरी खाणारा यांच्यामध्ये तो मेलेला माणूस बसलाय. कात्सुरा हे ऐकतो तेव्हा त्याचा चेहरा बदलत नाही. तो नेहमीच गंभीर असतो ना! आतापर्यंत ज्या न हलणाऱ्या चेहऱ्याने हसवलं, तोच चेहरा आता बोचायला लागतो. मुद्रा तीच, रस बदलला. एरवी नटाला हसू आणि करुण यांच्यासाठी दोन चेहरे लागतात. इथे एकच पुरतो.

आणि तरी सोराची पाणावलेल्या डोळ्यांवर थांबत नाही. तिच्या दुकानात पुढेही कात्सुरा येत राहतो, आणि रामेनच्या दुकानात बसून सोबा मागतो. दर वेळी ती चिडते. क्षमा मागण्याची आणि क्षमा करण्याची ही त्या दोघांची रीत आहे असं मला वाटतं. तसं कोणी बोलून दाखवत नाही, आणि ते उत्तमच आहे.

कात्सुराच्या सोबत असणारा एलिझाबेथ हा पांढराफेक प्राणी मालिकेच्या बाहेरही प्रसिद्ध आहे. बदक म्हणावं तर बदक नाही, पेंग्विन म्हणावं तर तोही नाही. गोल डोळे, पिवळी चोच, आणि बोलणं सगळं हातातल्या पाट्यांवर लिहून. साकामोतोने अवकाशातून आणून दिलेली भेट. झग्याखालून अधूनमधून एखाद्या अधेड पुरुषाचे केसाळ पाय दिसतात. आत माणूस आहे हे जगाला कळतं, कात्सुराला कळत नाही, किंवा कळून घ्यायचं नाही. सुरुवातीला हा विनोद फार गोड आहे. पुढे पुढे ताणलेला आहे.

पण याच एलिझाबेथचा वापर 'बेनिझाकुरा' प्रकरणात, भाग ५८ ते ६१ मध्ये, ज्या तऱ्हेने झालाय तो मी पाहिलेल्या विडंबनांतला सर्वोत्तम डाव आहे. सविस्तर सांगतो, न पाहिलेल्यांनी हवं तर पुढचे दोन परिच्छेद गाळावेत. एका रात्री पुलावर ओकादा निझो नावाचा आंधळा मारेकरी कात्सुराला गाठतो. त्याच्या हातात बेनिझाकुरा नावाची जिवंत यंत्र असलेली तलवार. कात्सुरा पडतो. मारेकरी त्याच्या केसांचा झुपका कापून निशाणी म्हणून मिरवतो. दुसऱ्या दिवशी एलिझाबेथ गिंतोकीच्या घरी येऊन बसतो, मुका, पाटीसुद्धा वर न करता. इथून बराच वेळ कात्सुरा पडद्यावर जवळजवळ नाहीच. विनोदी पात्र गेलं की त्याची किंमत कळते. नाव दुरुस्त करणारं कोणी उरलेलं नाही. पोरं त्याला शोधायला जातात, गिंतोकी जखमी होतो, आणि सगळ्या खुणा ताकासुगीच्या उडत्या जहाजाकडे जातात.

जहाजावर एलिझाबेथ ताकासुगीसमोर उभा राहतो. ताकासुगी त्याची टर उडवतो आणि एका वारात तो पांढरा झगा चिरतो. झग्यातून तलवार बाहेर येते आणि ताकासुगीवर वार करते. तलवारीमागे कात्सुरा. केस आखूड झालेले. मुलं त्या केसांबद्दल विचारतात तेव्हा तो, पूर्ण गंभीरपणे, एवढंच सांगतो की जरा रूप पालटून पाहतोय. थोड्या वेळाने रक्तबंबाळ गिंतोकी समोर येतो, प्रेमभंग झाला का म्हणून त्याच्या केसांची चेष्टा करतो, तर पुन्हा तेच उत्तर. मग कात्सुरा त्याच्या जखमी अवताराकडे बघून तोच प्रश्न विचारतो आणि गिंतोकीही तेच उत्तर परत करतो. दोघे मरणाच्या दारात उभे आहेत, एकमेकांना जिवंत पाहून छातीतला दगड उतरलाय, आणि त्यांच्या तोंडून निघतं ते केशकर्तनालयातलं बोलणं. पुढे पाठीला पाठ लावून ते शत्रूंच्या घोळक्याशी लढतात. त्या लढाईत विनोद नाही. कात्सुराला एकदा तरी मनापासून लढताना दाखवल्याशिवाय त्याचं पळणं थोर ठरलं नसतं, हे सोराचीला नेमकं ठाऊक आहे. शेवटी दोघे पुढच्या भेटीत ताकासुगीला मारू म्हणून बजावतात आणि जहाजावरून उडी टाकतात. अर्थात पळतात. हवाई छत्री उघडते, तिच्यावर एलिझाबेथचा चेहरा.

कात्सुरा वाचला कसा, तर किमोनोत जपून ठेवलेल्या लहानपणीच्या पाठ्यपुस्तकाने वार झेलला. गुरू योशिदा शोयो यांनी दिलेलं पुस्तक. खऱ्या कोगोरोचे गुरू योशिदा शोइन, ज्यांना १८५९ साली शोगुनशाहीने देहान्त दिला. आणि ताकासुगीही वाचतो, त्याच्याही छातीशी तेच पुस्तक होतं. छातीवरच्या पुस्तकाने जीव वाचणं ही युद्धपटांतली झिजलेली युक्ती, ती इथे दोन शत्रूंना एका गुरूचे शिष्य म्हणून बांधायला वापरली आहे. हवेत तरंगताना कात्सुरा गिंतोकीला विचारतो, तुझं पुस्तक अजून आहे का? रामेन सांडलं म्हणून फेकून दिलं, असं उत्तर येतं. एवढ्या हळव्या जागी असं वाक्य दुसऱ्या कुणी टाकलं असतं तर मी रागावलो असतो. इथे वाटतं, हाच तिघांतला सगळ्यांत जास्त दुखावलेला.

आणखी एक जागा सांगायलाच हवी. १८६८ च्या मे महिन्यात, इकेदायावर घुसलेल्या कोंदो इसामीचा नव्या सरकारच्या सैन्याने इताबाशी इथे शिरच्छेद केला. सामुराईला शोभणारा सेप्पुकूही नाकारला. ज्या पक्षाने हे केलं त्यात कात्सुराचं चोशू होतं. 'गिंतामा'त कोंदो इसाओ हा गोरिलासारखा दिसणारा, एका मुलीच्या मागे वेड्यासारखा लागलेला, मनाने लोण्यासारखा नायक आहे. आणि 'अलविदा शिन्सेनगुमी' या २०१६ च्या प्रकरणात तो देहान्ताची शिक्षा झालेला कैदी म्हणून एका बेटावरच्या तुरुंगात आहे. त्याच तुरुंगात कात्सुराही आहे. ज्याच्या मागे पथक वर्षानुवर्षं पळालं तो बंडखोर आणि पथकाचा नायक एकत्र निसटतात, बंडखोर आणि पोलीस खांद्याला खांदा लावून लढतात. पळण्यात तरबेज माणसाने आपल्या शत्रूलाही पळायला शिकवलं! इतिहासात जे डोकं उडालं ते इथे धडावर राहतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या यादवीत दोन्ही बाजूंनी वाया गेलेल्या तरुणांबद्दलचं दुःख एका गोरिला-नायकाच्या कथेतून सांगायला धाडस लागतं. ऐतिहासिक मालिकांना ते करता येत नाही, त्यांना तारखा पाळाव्या लागतात.

मराठीत विडंबनाची परंपरा 'झेंडूची फुले'पासून आपल्या अंगवळणी पडली आहे, तेव्हा या कलेची एक अट आपल्याला सांगावी लागत नाही: ज्याचं विडंबन करायचं ते पाठ असावं लागतं. सोराचीला हा काळ पाठ आहे. इकेदाया, पुलाखालचे दिवस, इकुमात्सु, साइगोची भेट, गुरूचा मृत्यू, कोगोरोच्या आयुष्यातला एकही महत्त्वाचा टप्पा त्याने सोडलेला नाही. प्रत्येक टप्पा वाकडा केलाय, पण जागच्या जागी ठेवलाय. चरित्रपटांनी कोगोरोचं पळणं झाकलं किंवा डावपेच म्हणून सजवलं. या विडंबनाने ते उघड्यावर आणलं, त्याच्यावर हसलं, आणि हसता हसता दाखवलं की मरायला तयार असलेल्या माणसांच्या गर्दीत जगायचं ठरवणारा माणूस किती एकटा पडतो.

दोष आहेत. मालिका लांब आहे, फार लांब. कात्सुराचे काही भाग नुसते भरतीचे आहेत. जपानी टीव्हीवरच्या जाहिराती आणि गेम शोंवर बेतलेले कित्येक विनोद परक्या प्रेक्षकाला पोचत नाहीत, आणि तळटीपांनी विनोद पोचत नसतो. मूत्र आणि विष्ठा यांवरचे विनोद सोराचीला प्रिय आहेत. ते मला सोसले तेवढे सोसले. २०१७ साली 'गिंतामा'वर माणसांचा सिनेमाही निघाला, ओकादा मासाकीने त्यात कात्सुरा केला. दिसतो छान, पण माणसाच्या चेहऱ्यावर थोडा तरी खट्याळपणा उमटतोच. रेखाटलेला चेहरा जितका निर्विकार राहू शकतो तितका हाडामांसाचा राहत नाही, आणि या भूमिकेचा प्राण तर त्या निर्विकारपणातच आहे.

बघायचं ठरवलंत तर पहिले दोन भाग बेलाशक सोडा, ते मालिका ओळखीची असलेल्यांसाठी केलेले आहेत. पाचवा भाग आधी पाहा, मग ५८ ते ६१. एवढे पाच भाग पाहूनही कात्सुरा आवडला नाही तर बाकीच्या तीनशेबासष्ट भागांच्या वाटेला जाऊ नका. आणि आवाज मूळ जपानीच ठेवा. इशिदाला वगळून हा कात्सुरा उरत नाही.